नॉर्मल नसलेला रिपोर्ट : तीनदा परत आलेल्या एका रुग्णाचं प्रकरण

पार्श्वभूमी

ओळख पटू नये म्हणून वय, व्यवसाय आणि काही बारीकसारीक गोष्टी बदलल्या आहेत. रुग्ण 34 वर्षांच्या एक शिक्षिका. पुढे त्यांना ‘बाई’च म्हणतो. मी आपत्कालीन विभागात काम करणारा डॉक्टर. जेमतेम साडेपाच आठवड्यांत बाई आमच्याकडे तीनदा आल्या. पहिल्या आणि तिसऱ्या वेळी ड्यूटीवर मी होतो, दुसऱ्या वेळी माझे एक सहकारी.

बाईंना आधीचा कुठलाही आजार नव्हता. दमा नाही, थायरॉइड नाही, हृदयाचा त्रास नाही. आठ महिन्यांपूर्वी त्यांच्या आईंना अर्धांगवायूचा झटका आला होता. आई त्यांच्याच घरी होत्या. रात्री दोन-तीनदा उठावं लागे. दिवसभर उभं राहून शिकवायचं, आणि शिकवताना एका दमात बोलत सुटायचं ही बाईंची जुनी सवय. अधूनमधून मोठा उसासा टाकायचीही सवय होती, आणि शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांना ती ठाऊक होती.

यातलं काहीही पहिल्या भेटीच्या केसपेपरवर नाही. मला ते तिसऱ्या भेटीत कळलं, आणि या लेखाचं मुख्य कारण तेच आहे.

पहिली भेट

शाळेतल्या एका बैठकीत बसल्या-बसल्या बाईंच्या ओठांभोवती मुंग्या आल्या. मग दोन्ही हात बधिर झाले, छाती आवळल्यासारखी झाली, श्वास पुरेना. शेजारच्या माणसांनी पाठीवर हात फिरवत सांगितलं, “मोठा श्वास घ्या. आणखी मोठा.” त्यांनी तो घेतला आणि त्रास वाढला.

आमच्याकडे आल्या तेव्हा नाडी मिनिटाला 118, रक्तदाब 146/90, श्वासाचा वेग मिनिटाला 32 (शांत बसलेल्या प्रौढ माणसाचा साधारण 12 ते 20 असतो). बोटावरच्या ऑक्सिमीटरने ऑक्सिजन 100 टक्के दाखवला. रक्तदाबाचा पट्टा दंडावर फुगला तशी सिस्टरांना एक गोष्ट दिसली. त्या हाताचं मनगट आत वाकलं, अंगठा तळव्यात ओढला गेला, बाकीची बोटं सरळ राहून एकमेकांना चिकटली. बाई ओरडल्या, “बघा, हात वाकडा झाला!”

हात असा वळणं हे वैद्यकात जुनं, नावाजलेलं लक्षण आहे. 19व्या शतकातले फ्रेंच डॉक्टर आर्मां ट्रूसो यांच्या नावाने ते ओळखतात. रक्तातलं कॅल्शियम कमी पडलं की पट्ट्याच्या दाबाखाली हात असा वळतो. मला ते ओळखता आलं, आणि ओळखता आल्याचा मला आनंदही झाला. पण बाईंना त्याचा अर्थ सांगायचं माझ्या मनातही आलं नाही.

तपासण्या नेहमीच्या क्रमाने झाल्या. ईसीजीत ठोके जलद, बाकी विशेष काही नाही. हृदयाच्या स्नायूला इजा झाली आहे का हे सांगणारी ट्रोपोनिनची चाचणी दोनदा केली, दोन्ही वेळा निगेटिव्ह. छातीचा एक्स-रे स्वच्छ, साखर ठीक, गर्भधारणेची चाचणी निगेटिव्ह. आणि एक ब्लड गॅस, म्हणजे रक्तातले वायू आणि आम्लता मोजणारी चाचणी: पीएच (आम्लतेचा आकडा; तो वाढला की रक्त अल्कधर्मी) 7.56, कार्बन डायऑक्साइड 22 मिमी पारा, बायकार्बोनेट (रक्तातलं आम्ल तोलून धरणारा क्षार) 19, ऑक्सिजन 112.

चाळीसेक मिनिटांत बाई शांत झाल्या. हात सुटले. मी डिस्चार्ज कागदावर लिहिलं, “सर्व तपासण्या नॉर्मल. चिंतेमुळे त्रास. काळजी करू नये.” तोंडी सांगितलं, “काही झालेलं नाही तुम्हाला.”

ब्लड गॅसचा रिपोर्ट त्याच कागदाला टाचलेला होता. पीएच 7.35 ते 7.45 मध्ये असायला हवा. कार्बन डायऑक्साइड 35 ते 45 मध्ये असायला हवा. 22 हा आकडा नॉर्मल नाही, आणि तो मी वाचला होता. माझ्या डोक्यात ‘नॉर्मल’चा अर्थ ‘जिवाला धोका नाही’ एवढाच होता. बाईंनी ऐकलं ते वेगळंच: या डॉक्टरला काही सापडलं नाही.

अडचण

एकोणीस दिवसांनी, रात्री, दुसरा झटका आला. या वेळी मुंग्या फक्त डाव्या बाजूला होत्या, डावा हात आणि डावा गाल. यजमानांनी कुठेतरी ऐकलं होतं म्हणून कागदी पिशवी तोंडाला लावली. बाईंचा जीव आणखी घुसमटला आणि त्यांनी ती भिरकावून दिली.

माझ्या सहकाऱ्यांपुढे खरा पेच होता. एकाच बाजूची बधिरता आणि घरात अर्धांगवायूचा इतिहास. अतिश्वसनाने, म्हणजे गरजेपेक्षा जास्त श्वास घेतल्याने, मुंग्या आल्या तर त्या दोन्हीकडे येतात असं आपण धरून चालतो, पण त्या एका बाजूलाही येऊ शकतात, आणि तशा आल्या तर बऱ्याचदा डावीकडे येतात. हे पुस्तकात वाचणं वेगळं आणि रात्री दोन वाजता त्यावर विसंबून राहणं वेगळं. हातातली ताकद पूर्ण होती, चेहरा सरळ होता, बोलणं स्पष्ट होतं, मुंग्या एकदम न येता काही मिनिटांत पसरत गेल्या होत्या. तरी त्यांनी एमआरआय केला. मी असतो तर मीही केला असता. तो स्वच्छ आला. पाच दिवसांसाठी चिंता कमी करणारी गोळी दिली गेली आणि कागदावर पुन्हा तोच शब्द उमटला: नॉर्मल.

अठरा दिवसांनी बाई तिसऱ्यांदा आल्या. झटका रस्त्यातच ओसरत आला होता, पण त्या संतापलेल्या होत्या. “डॉक्टर, तुम्ही म्हणता काही नाही. मग हे हात काय मी मुद्दाम वाकडे करते?”

मी खुर्ची ओढून बसलो आणि पहिल्या दिवशीच विचारायला हवा होता तो प्रश्न विचारला. “तुम्हाला स्वतःला काय वाटतं, हे काय असेल?”

त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “आईचं असंच सुरू झालं होतं. आधी हात, मग तोंड.”

पहिल्या भेटीत आम्ही तीन तास त्यांचं हृदय तपासत होतो. त्यांना हृदयाची भीती नव्हतीच. ज्याला अर्धांगवायूची धास्ती आहे त्याला ईसीजी दाखवून धीर कसा येणार? आणि एमआरआयने जे उत्तर मिळालं ते ‘मेंदूत काही नाही’ एवढंच होतं. ‘मग हात का वळतो?’ याचं उत्तर कुणीच दिलं नव्हतं.

शरीरात प्रत्यक्ष काय घडत होतं

इथे थोडं थांबतो, कारण उपचाराचा अर्धा भाग याच समजावण्यात होता.

धोका जाणवला की मेंदूतून स्वायत्त मज्जासंस्थेला इशारा जातो आणि मूत्रपिंडावरच्या ग्रंथी अ‍ॅड्रेनलिन सोडतात. अमेरिकन शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या ‘लढा किंवा पळा’ प्रतिसादाचं वर्णन केलं. हृदय जलद धडधडतं, स्नायूंकडे रक्त वळतं, हातापायांना घाम सुटतो, तोंड कोरडं पडतं आणि श्वास वाढतो. माणूस खरोखर पळाला तर हा वाढलेला श्वास अगदी योग्य असतो, कारण पळणारे स्नायू भरपूर कार्बन डायऑक्साइड तयार करतात आणि तो बाहेर टाकावा लागतो. बाई मात्र खुर्चीत बसून होत्या. स्नायूंनी जादा वायू तयार केला नव्हता, पण श्वास पळणाऱ्याचा होता. आहे तोच वायू धुऊन निघाला.

कार्बन डायऑक्साइड म्हणजे निव्वळ टाकाऊ वायू, हा शाळेपासून पक्का झालेला समज इथे आड येतो. रक्ताची आम्लता योग्य पातळीवर राखण्यात त्याचा मोठा वाटा असतो. तो घटला की रक्त अल्कधर्मी होतं आणि त्यातून लक्षणांची रांगच सुरू होते.

मेंदूच्या रक्तवाहिन्या या वायूच्या पातळीला फार संवेदनशील आहेत. पातळी उतरली की त्या आकसतात. 40 वरून 22 पर्यंत घसरण झाली तर मेंदूकडचा रक्तप्रवाह एक-तृतीयांशाहून जास्त कमी होऊ शकतो. डोकं हलकं होणं, दृष्टी धूसर होणं, आजूबाजूचं सगळं खोटं वाटणं हे त्यातून येतं. त्यात भर म्हणजे अल्कधर्मी रक्तात हिमोग्लोबिन ऑक्सिजनला घट्ट धरून ठेवतं आणि पेशींना सहज सोडत नाही. डॅनिश शास्त्रज्ञ क्रिस्टियान बोर यांनी 1904 मध्ये दाखवलेल्या परिणामाचीच ही दुसरी बाजू. म्हणून ऑक्सिमीटर 100 दाखवत असतो आणि माणूस म्हणत असतो, “मला हवा मिळत नाही.” दोघंही खरं सांगत असतात.

हात वळण्याचं कारण कॅल्शियम. रक्त अल्कधर्मी झालं की मोकळं फिरणारं कॅल्शियम रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला जास्त चिकटतं. एकूण कॅल्शियम तेवढंच राहतं, पण वापरता येण्याजोगं कमी होतं. मग नसा चिडतात आणि कारण नसताना संदेश सोडू लागतात. आधी ओठांभोवती आणि बोटांत मुंग्या, मग स्नायूंना पेटके, मग तो वळलेला हात. अर्धांगवायूशी याचा काही संबंध नाही. अर्धांगवायूच्या बहुतेक झटक्यांमध्ये मेंदूकडून येणारा हुकूम थांबल्याने हात लुळा पडतो. इथे नसा गरजेपेक्षा जास्त बोलत असतात.

आणि श्वास न पुरण्याची भावना? घाबरलेला माणूस छातीच्या वरच्या भागातून भराभर श्वास ओढतो आणि पुरता सोडत नाही. फुफ्फुसं आधीच फुगलेली असतात. भरलेल्या घागरीत आणखी पाणी ओतावं तसं होतं. बरगड्यांमधले स्नायू सतत ताणलेले राहून दुखतात, आणि त्या दुखण्याने आणखी भीती वाटते. लक्षणांचा भयंकर अर्थ लावला जातो, त्याने भीती वाढते, भीतीने लक्षणं वाढतात. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनी 1986 मध्ये पॅनिकच्या, म्हणजे अचानक उसळणाऱ्या तीव्र भीतीच्या, झटक्यासाठी हेच चक्र मांडलं. बाईंच्या बाबतीत चक्रातली ‘अर्थ लावण्याची’ जागा आईच्या आजारपणाने आधीच भरून ठेवली होती.

उसाशांचं कोडं

तिसऱ्या भेटीत बोलताना मी त्यांचे उसासे मोजले. दहा मिनिटांत नऊ. निरोगी माणूसही नकळत उसासे टाकतो, पण साधारण पाच मिनिटांत एखादा. फुफ्फुसातल्या मिटत चाललेल्या वायुकोशिका उघडण्यासाठी तो लागतोच. बाईंचे त्याच्या कितीतरी पट होते.

त्यांचा त्रास पूर्ण ओसरल्यावर, शांत बसलेल्या असताना, पुन्हा ब्लड गॅस केला. पीएच 7.41, कार्बन डायऑक्साइड 33, बायकार्बोनेट 20. पीएच ठीक, पण बाकीचे दोन्ही आकडे खाली. म्हणजे बाई झटक्याच्या वेळीच नव्हे, एरवीही थोड्या जास्तच श्वास घेत होत्या. असं दिवसेंदिवस चाललं की मूत्रपिंडं बायकार्बोनेट बाहेर टाकून तोल सांभाळतात. तोल राहतो, पण राखीव साठा उरत नाही. मग कठड्याच्या अगदी काठावर उभं राहिल्यासारखं होतं. दोन-तीन मोठे उसासे, जिन्यावरची घाई किंवा एका दमात घेतलेला तास, एवढ्याने तोल जातो. झटका ‘काही कारण नसताना’ आला असं बाई सांगत, ते त्यांच्या दृष्टीने खरंच होतं.

गर्भारपणातही असेच आकडे दिसतात, म्हणून ती चाचणी त्या दिवशी पुन्हा केली. वेदनाशामक म्हणून अ‍ॅस्पिरिन जास्त घेतलं जात आहे का, हेही विचारलं, कारण त्याने श्वास वाढतो. थायरॉइड तपासलं. सगळं ठीक होतं.

समोर असलेले पर्याय

दाखल करून आणखी तपासण्या करणं हा पहिला पर्याय. बाईंच्या यजमानांना तोच हवा होता. पण तिसऱ्या वेळी कुठलंही नवं लक्षण नव्हतं, मज्जासंस्थेची तपासणी स्वच्छ होती. आणखी एक एमआरआय म्हणजे ‘डॉक्टरांनाही खात्री नाही’ असा निरोप गेला असता.

गोळी वाढवून देणं सोपं होतं. बेंझोडायझेपिन गटातली औषधं काही वेळात शांत करतात. सवय लागण्याचा धोका तर आहेच, पण मला जास्त खटकत होतं ते वेगळं: झटका गोळीने गेला असं शरीर शिकतं, आणि गोळी जवळ नसण्याचीच भीती बसते. दीर्घकाळ घ्यायची चिंताविरोधी औषधं हा बरा मार्ग होता. बाईंनी तूर्त नको म्हटलं आणि मी आग्रह धरला नाही.

कागदी पिशवीचा प्रश्न यजमानांनी स्वतःच काढला. अनेक वर्षं हा सल्ला सर्रास दिला जायचा. पण पिशवीत कार्बन डायऑक्साइड वाढतो तसा ऑक्सिजनही घटतो. ज्याला खरं तर हृदयविकाराचा झटका आलाय किंवा फुफ्फुसाचा आजार आहे, त्याला हे जिवावर बेतू शकतं. असे रुग्ण दगावल्याच्या नोंदी 1989 मध्ये वैद्यकीय नियतकालिकात आल्या. घरच्या घरी ते निदान कुणालाच करता येत नाही, म्हणून पिशवी नकोच.

थेट मानसोपचार विभागाकडे पाठवणं योग्यच होतं. पण ‘काही नाही, मनाचं आहे’ असं दोनदा ऐकलेल्या बाईंना त्या चिठ्ठीत हकालपट्टीच दिसली असती. म्हणून आधी समजावणं, मग पाठवणं, असा क्रम ठरवला.

काय केलं

पहिल्या भेटीचा ब्लड गॅस काढून त्यांच्यासमोर ठेवला आणि म्हटलं, “मी त्या दिवशी तुम्हाला चुकीचं सांगितलं. हा रिपोर्ट नॉर्मल नव्हता.” मग एकेका आकड्यावर बोट ठेवून हात का वळला ते सांगितलं. जवळजवळ पंचवीस मिनिटं लागली. आपत्कालीन विभागात एवढा वेळ काढणं अवघड असतं हे मला ठाऊक आहे. पण आधीच्या दोन भेटींत बाई मिळून दहा तास आमच्या खाटेवर होत्या.

त्यानंतर त्यांच्या संमतीने एक प्रयोग केला. नव्वद सेकंद मुद्दाम जलद आणि खोल श्वास. सिस्टर शेजारी, मॉनिटर लावलेला. हृदयविकार, फेफरं, तीव्र दमा किंवा गर्भारपण असेल तर हे करू नये, आणि घरी तर नाहीच. साठाव्या सेकंदाला बाई म्हणाल्या, “ओठ! ओठांना मुंग्या आल्या.” मी थांबायला सांगितलं. श्वास हळू झाला तशा मुंग्या गेल्या. त्या आपल्या बोटांकडे बघत राहिल्या.

या प्रयोगाबद्दल एक खुलासा करायला हवा. निदानाचा पुरावा म्हणून तो टिकत नाही. 1996 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कार्बन डायऑक्साइडची पातळी कृत्रिमरीत्या कायम राखूनही अनेकांना तीच लक्षणं जाणवली होती. म्हणजे सगळा दोष या वायूवर टाकता येत नाही, अ‍ॅड्रेनलिन आणि भीतीही तेच काम करतात. मी तो वापरला तो शिकवण्यासाठी. मुंग्या आणता येतात आणि घालवताही येतात, हे बाईंना स्वतःच्या अंगावर दिसावं म्हणून.

श्वासाचं शिक्षण साधं ठेवलं. ‘मोठा श्वास घ्या’ हा सल्ला रद्द. श्वास नाकाने, हळू आणि छोटा. पोट हलावं, खांदे हलू नयेत. चार आकडे आत, सहा आकडे बाहेर. झटका येतोय असं वाटलं तर आत घेण्याकडे लक्षच द्यायचं नाही, आधी आहे तो श्वास सोडायचा. हे रोज दहा मिनिटं, तेही बरं वाटत असताना. शिकवताना वाक्याच्या शेवटी थांबून तोंड मिटायचं. यजमानांना सांगितलं की “मोठा श्वास घे” म्हणायचं नाही, शेजारी बसून स्वतः हळू श्वास सोडायचा.

कुठल्या लक्षणांवर मात्र लगेच यायचं तेही लिहून दिलं: चेहरा एका बाजूला ओढला जाणं, हातातली ताकदच जाणं, बोलणं अडखळणं, श्रमाने वाढणारं छातीत दुखणं, बेशुद्ध पडणं. त्यानंतर मानसशास्त्रज्ञांकडे सहा सत्रं झाली.

निष्पत्ती

पुढच्या तीन महिन्यांत दोन छोटे झटके आले. दोन्ही घरीच ओसरले. पाचव्या महिन्यात आईंना पुन्हा रुग्णालयात दाखल करावं लागलं, आणि तिथल्या व्हरांड्यात बाईंच्या बोटांना मुंग्या आल्या. भिंतीला टेकून खाली बसल्या, श्वास सोडत राहिल्या, सात-आठ मिनिटांनी उठून आत गेल्या.

सगळं सुटलं असं नाही. झोप अजून तुटकच आहे, कारण रात्री उठावं लागतं ते लागतंच. उसासे कमी झाले, गेले नाहीत. तिसरा ब्लड गॅस केला नाही, त्याची गरज नव्हती.

आज वेगळं काय केलं असतं

पहिल्या दिवशीच्या तपासण्या मी बदलणार नाही. छातीत आवळणं आणि वेगाने चाललेला श्वास घेऊन आलेल्या माणसाला, वयाने तरुण आणि घाबरलेला आहे म्हणून, चिंतेचं लेबल लावणं धोक्याचं आहे. फुफ्फुसातली गुठळी, दमा, मधुमेहातली आम्लता, रक्तातला जंतुसंसर्ग हे सगळं जलद श्वासामागे असू शकतं. चिंता हे निदान ही यादी पार केल्यावरच करायचं. त्या दिवशी मी ती पार केली होती, मात्र गुठळीबद्दलचा माझा विचार कागदावर लिहायला हवा होता. ऑक्सिजन 112 दिसला म्हणून ती शक्यता आपोआप संपत नाही.

बदलेन ते हे: ‘तुम्हाला काय वाटतं, हे काय असेल?’ हा प्रश्न ईसीजी लावतानाच विचारेन. एका मिनिटाचं काम. उत्तर कळलं असतं तर दोन्ही हातांची ताकद त्यांना दाखवत, त्यांच्याच भीतीला समोर ठेवून तपासणी केली असती. कदाचित दुसऱ्या रात्री एमआरआय तरीही लागला असता. पण ‘हात असा वळू शकतो, तो का वळतो’ हे बाईंना आधीच माहीत असतं.

एका गोष्टीवर माझं आणि मानसशास्त्रज्ञांचं एकमत झालं नाही. बाईंनी पहिल्या ब्लड गॅसची प्रत मागून घेतली होती आणि ती पर्समध्ये ठेवली होती. त्रास जाणवला की काढून बघायच्या. ती गोळीसारखीच कुबडी होईल, असं मानसशास्त्रज्ञांचं म्हणणं. मला वाटत होतं, ज्या कागदाने पहिल्यांदा त्यांचं म्हणणं खरं ठरवलं तो त्यांच्याकडे राहू द्यावा. तो काढून घ्यायला मी सांगितलं नाही.

सहाव्या महिन्यात भेटल्या तेव्हा मी त्याबद्दल विचारलं. बाईंनी पर्स उघडली, दोन कप्पे चाचपले आणि म्हणाल्या, “घरी कुठेतरी असेल.”